सोफ्यावर बसायचं कुणी?

फर्निचरच्या दुकानात रेक्झीनचा सोफा दिसला की अजून माझं टाळकं सटकतं. लेक म्हणते, "आई, त्या सोफ्याने तुझं काय घोडं मारलंय?" मारलंय म्हणूनच सांगते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बोईसरला स्टेशनजवळ आम्ही तिघांनी मिळून एक गाळा भाड्याने घेतला होता. एक विमा एजंट, एक विक्रीकराची कामं करणारे वकील आणि मी टायपिस्ट. मी दातिवऱ्याची, कोळ्याची पोर. पालघरला टायपिंग शिकले आणि जुनं मशीन घेऊन धंद्याला बसले. त्या दोघांकडे तारापूरचे कारखानदार यायचे. माझ्याकडे यायच्या मासळीवाल्या, नाहीतर डोंगरपाड्यावरच्या बाया. कुणाला रेशनकार्डासाठी अर्ज हवा असायचा, तर कुणाला पोराच्या शाळेच्या दाखल्यासाठी.

टेबलं पटकन ठरली. वाजलं ते येणाऱ्या माणसांना बसायला काय घ्यायचं यावरून. मी म्हटलं, चांगलं लांबलचक लाकडी बाकडं घ्या. चार-पाच बाया बसतील, आणि ओलं झालं, वास लागला तरी बादलीभर पाणी ओतलं की स्वच्छ. वकील हसले. "ताई, हे काय एसटी स्टँड आहे? कंपनीचे मालक येणार, त्यांना बाकड्यावर बसवायचं?" एजंटने लगेच मान डोलावली. ते दोघं, मी एकटी. पालघरच्या दुकानातून तपकिरी सोफा आला. वरचं प्लास्टिक काढायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं. मालकांना खाली घाम फुटला तरी चालेल, सोफा नवा राहिला पाहिजे!

मग हळूहळू सुरू झालं. टोपली दिसली की "मावशी, बाहेर थांबा, ताई येतील तिकडे." धुळीच्या पायांची बाई आली की "खाली बसा, खाली ऐसपैस बसता येतं." जाब विचारला तर म्हणे, "वास बसतो हो ताई, रेक्झीनमधून जात नाही." आणि हेच दोघं माझ्या आईने पाठवलेले सुके बोंबील पिशव्या भरभरून घरी न्यायचे! बोंबील चालतात, आणणारी चालत नाही. वा रे वा! मी रोज भांडायचे आणि ते रोज "बघू, बघू" म्हणायचे.

एकदा दुपारी मी पोस्टातून परत येते तर पायरीवर, भर उन्हात, माझी आई बसलेली. पहिल्यांदाच लेकीचं ऑफिस बघायला आली होती. शेजारी टोपली, खाली वर्तमानपत्र. पायरीला वास लागू नये म्हणून आतून पेपर दिला होता मेल्यांनी!

"आये, हितं का बसलीस?"

"त्या सायबांनी सांगितलं. बरं हाय गं, वारा लागतो."

कसला वारा! पान हलत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत जाऊन ओरडले, "ही माझी आई आहे!" सोफा अख्खा रिकामा होता. वकील धडपडत उठले. "अरे देवा, आधी नाही का सांगायचं! या मावशी, या, सोफ्यावर बसा."

आई आत आली, बसली. सोफा हाताने दाबून बघितला. "मऊ हाय," म्हणाली आणि निवांत चहा प्याली. ती गेल्यावर एजंट म्हणाला, "झालं ना ताई समाधान?"

कसलं समाधान? माझी आई म्हणून बसवली. उद्या दुसऱ्या कुणाची आई आली तर पुन्हा पेपरच ना! मी सरळ सांगितलं, दारातून येईल ते माणूस सोफ्यावर बसेल, नाहीतर मी निघाले. वकील म्हणाले, "तुमच्या घरच्यांचं वेगळं हो. सगळ्यांना कसं बसवणार?" त्याच संध्याकाळी मी मशीन हातगाडीवर घातलं.

पिठाच्या गिरणीशेजारी एक लहानशी खोली मिळाली. स्वतःसाठी खुर्ची घ्यायच्या आधी मी सुताराकडून बाकडं करून घेतलं. ते आलं त्याच दिवशी पाड्यावरची एक बाई अर्जासाठी आली आणि बाकड्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसली.

"अगं, वर बस की. तुमच्यासाठीच केलंय ते."

"नको बाय. आमी हितंच बऱ्या. वर बसलं का उठवतात."

"इथे कोण उठवतंय? जागा माझी आहे."

हाताला धरून मी तिला वर बसवलं. टाईप करताना मधूनच पाहिलं तर ती बाकड्याच्या पार टोकाला टेकलेली, नजर दाराकडे. तेवढ्यात शेजारचा गिरणीवाला सहज आत डोकावला. तिला तो काही बोललासुद्धा नाही. ती चटकन उठून उभी राहिली.