साडेअकराची खोली

शरच्चंद्र खांबेटे नारळ घेताना तो आधी कानाशी हलवत, मग बोटाच्या पेराने तीनदा ठोकत आणि शेवटी नारळवाल्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत. नारळापेक्षा चेहरा जास्त सांगतो, असं त्यांचं मत होतं. सांगली सोडून बेंगळुरूला आल्याला अडतीस वर्षं झाली होती. त्यातली बत्तीस एका सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. बाहेरून आलेला माल पास करायचा की परत धाडायचा, एवढंच काम. त्यांनी परत धाडलेल्या मालाची गणती नव्हती. दिवाळीला कंत्राटदारांकडून आलेले मिठाईचे डबेही त्याच वाटेने गेले होते.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचे हाल होतात. दूध, गॅस, लिफ्टची दुरुस्ती, शेजाऱ्यांचा नवा भाडेकरू, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं आणि बहुतेक नापास व्हायचं. त्यांच्या पत्नी प्रतिमाताई म्हणायच्या, "ह्यांना सकाळी उठून सूर्यसुद्धा पास करावा लागतो." त्यावर शरच्चंद्र हसत नसत. त्यांचा एक नियम होता आणि तो ते कुणालाही, कधीही ऐकवत: कळवून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. कळवलं की समोरचा फरशी पुसून ठेवतो, बिघडलेलं यंत्र कापडाखाली झाकतो. म्हणून जायचं ते न कळवता.

त्यांच्या मुलीने, प्रणिताने, आयटीतली नोकरी सोडून रेकॉर्डिंग स्टुडिओ काढायचं ठरवलं, तेव्हा या नियमाला पुन्हा धार आली. प्रणिता एकतीस वर्षांची होती. गेली दोन वर्षं ती कोरमंगलातल्या आपल्या खोलीत, कपाटाच्या दाराला रजया टांगून, शाळांसाठी कन्नड-मराठी-हिंदी धडे रेकॉर्ड करत होती. काम वाढलं आणि रजया पुरेनात. तिने साठवलेले नऊ लाख होते, आणि वडील पाच देईन म्हणाले होते. कधी, ते म्हणाले नव्हते. जागा चुकली तर ते नऊ लाख भिंतींत जाणार आणि तिला पुन्हा सर्जापूर रोडच्या जुन्या ऑफिसात हात जोडत उभं राहावं लागणार, हे दोघांनाही माहीत होतं.

सल्ल्यासाठी तिने शेषगिरींना आई-वडिलांच्या घरी बोलावलं. शेषगिरी पंचावन्नचे, तीस वर्षं याच धंद्यात. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून इथलं, मराठी घरात टिकवलेली, पण कन्नडमध्ये चांगली मुरलेली. बुटका माणूस, खिशात पेन्सिल, हातात शाळकरी वही.

"स्वल्प ऐका सर," ते शरच्चंद्रांना म्हणाले. "प्रणिता अक्कांना मी पहिलंच सांगितलं आहे. मायक्रोफोन आत्ता बेडा. नको. भाड्याने मिळतो, लागेल त्या दिवशी आणायचा. पैसा खोलीत घाला. वाईट खोलीत चांगला माईक ठेवला तर वाईट खोली जास्ती चांगली ऐकू येते, एवढंच होतं."

"आणि भिंतींना ते अंड्यांचे ट्रे?" शरच्चंद्रांनी विचारलं. त्यांनी इंटरनेटवर वाचून ठेवलं होतं.

"ट्रेने आवाज थांबत नाही सर. आवाज वजनाने थांबतो. जाड भिंत, जड दार, फटी बंद. आणि अकरा महिन्यांच्या करारावर भिंतीत चार लाख घालू नका. मालकाने बाराव्या महिन्यात भाडं वाढवलं तर भिंत उचलून नेता येते का? पाच वर्षांचा करार करायचा, रजिस्टर करायचा. दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून अडकणारच. वरती सहा महिने गिऱ्हाईक नाही आलं तरी चालेल एवढे हातात ठेवा. उरेल त्याच्यात स्टुडिओ. नाही उरलं, तर रजया आहेत की."

प्रणिता भराभर लिहून घेत होती. शरच्चंद्र मात्र शेषगिरींच्या चेहऱ्याकडे बघत होते. हा माणूस काही विकत नव्हता. उलट विकत घेऊ नका म्हणत होता. मग ह्याचं पोट कशावर चालतं?

"तुमची फी?" त्यांनी विचारलं.

"पंधरा हजार सर. काम झाल्यावर द्या."

इथे शरच्चंद्रांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आगाऊ पैसे न मागणारा माणूस त्यांनी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. म्हणजे हा दुसरीकडून घेतो, जागेच्या मालकाकडून. आणि पुढचं ऐकल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. प्रणिताने शिवाजीनगरला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली पाहिली होती. भाडं अठ्ठावीस हजार, बस स्टँड जवळ. शेषगिरी म्हणाले, "सरी, ठीक आहे, त्या खोलीची किल्ली मला एक दिवस द्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी एकटाच बसणार. कोणी यायचं नाही."

एकटाच? दहा तास? रिकाम्या खोलीत माणूस करतो काय?

शरच्चंद्र ती खोली आधीच तीनदा बघून आले होते, अर्थात न कळवता. सकाळचा नाश्ता, पेपर, मग घराजवळून, विद्यारण्यपुऱ्याहून बस, की साडेअकराला शिवाजीनगर. दुपारी दीडला जेवण आणि नंतरची झोप चुकवायची नाही, हे डॉक्टरांचं सांगणं होतं. तिन्ही वेळा खोली शांत होती. भिंतीवर पेराने तीनदा ठोकलं, भरीव आवाज आला. इमारतीचे मालक आप्पाजी तळमजल्यावर स्वतःच्या हार्डवेअरच्या दुकानात बसत, रस्त्याकडे तोंड करून. माणूस अदबशीर. तिन्ही वेळा त्यांनी कॉफी पाजली आणि स्टीलचा पेला पुढे करत आपल्या तोडक्या हिंदीत म्हणाले, "सर, आजकल किसीपे भरोसा नहीं करना. सब कमिशनवाले." शरच्चंद्रांना फार बरं वाटलं. या शहरात कुणीतरी डोळे उघडे ठेवून जगत होतं. आप्पाजींचा चेहरा त्यांनी निरखलाच नाही, कारण त्या चेहऱ्यावर त्यांना स्वतःचंच मत दिसत होतं.

किल्ली दिल्याच्या दिवशी अर्थातच ते गेले. साडेअकराला बसमधून उतरले, आप्पाजींना दुरून हात केला आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावर दाराशी उभे राहिले. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. फटीला डोळा लावला तेव्हा शेषगिरी जमिनीवर आडवे पडलेले दिसले, कान फरशीला टेकलेला, वही छातीशी. मध्येच ते उठले, पश्चिमेच्या भिंतीला कान लावला, घड्याळ पाहिलं आणि काहीतरी खरडलं. शरच्चंद्रांनी जवळजवळ पाऊण तास हे पाहिलं. न राहवून एकदा बाहेरच्या भिंतीवर पेराने ठोकलंही, सवयीने. त्यांच्या डोक्यात आता सगळं स्वच्छ होतं. हा खोलीचं माप घेतोय. दुसऱ्या कुणा पैसेवाल्या गिऱ्हाइकाला ही खोली द्यायची, आणि प्रणिताला सांगायचं की खोली चांगली नाही. पोरगी भोळी. मान डोलावेल आणि बसेल.

ते तडक खाली गेले. आप्पाजींना विचारलं, "ह्या खोलीसाठी अजून कुणी आलं होतं?"

आप्पाजी क्षणभर थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आये थे सर. दो पार्टी."

झालं. शरच्चंद्रांनी तिथल्या तिथे एक लाखाचं टोकन दिलं, स्वतःच्या खात्यातून, फोनवरून. पावती त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतली. आप्पाजींनी ऐनवेळी शब्द फिरवू नये म्हणून तिच्यात एक कलमही घातलं: कोणत्याही कारणाने जो माघार घेईल, त्याने लाख रुपये सोडायचे. मालक मागे हटला तर घेतलेलं टोकन परत आणि वर एक लाख. आप्पाजींनी एका अक्षराची घासाघीस केली नाही. पावतीवर नाव स्वतःचं घातलं, शरच्चंद्र खांबेटे. प्रणिताचं घातलं असतं तर ती उद्या कुणाच्याही सांगण्यावरून कुठेही सही करून बसली असती. परतीच्या बसमध्ये त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपण कामाचे आहोत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेषगिरी घरी आले आणि वही टेबलावर ठेवली. "ही खोली बेडा," ते म्हणाले.

शरच्चंद्रांना हसू आलं. अगदी ठरल्यासारखं चाललं होतं. त्यांनी वही ओढून घेतली आणि आधी अक्षर तपासलं, एका बैठकीत लिहिलंय का ते. तसं नव्हतं. कुठे पेन्सिल बोथट, कुठे टोक केलेली, कुठे आडवं पडून लिहिल्यासारखी तिरपी ओळ. तीन रकाने होते: वेळ, आवाज, इलाज. पाण्याच्या पंपापुढे इलाज होता, खाली रबराचे तुकडे, दोन हजार. समोरच्या शाळेच्या घंटेपुढे, दुहेरी काच. मग सकाळी नऊ दहाला लिहिलं होतं: मागे मालकाच्याच शेडमध्ये पत्र्याची झाकणं कापायचा प्रेस सुरू. फरशी हलते. इलाज नाही.

"प्रेस?" शरच्चंद्र म्हणाले. बत्तीस वर्षं त्यांनी प्रेसचा माल तपासला होता. प्रेसचा दणका त्यांनी झोपेतही ओळखला असता. "मी तीनदा गेलो. तिथे प्रेसबिस काही नाही."

"पुढे वाचा सर."

पुढे लिहिलं होतं. ११.२८, प्रेस बंद. ११.३२, जिन्यात माणूस, दोन पायऱ्या चढतो, थांबतो, डावा गुडघा दुखत असावा. ११.३५ ते १२.१८, माणूस दाराबाहेर. श्वासात बारीक शिट्टी. भिंतीवर ठोकतो, तीन वेळा. इलाज: छातीचा डॉक्टर. १२.१८, माणूस खाली. १.०५, प्रेस सुरू. सहा वाजेपर्यंत चालू.

शरच्चंद्रांनी ते दोनदा वाचलं. प्रेस बंद झाला होता ते बस स्टँडवर उतरले तेव्हा, आणि सुरू झाला होता ते पावती खिशात घालून परतीच्या बसमध्ये चढले तेव्हा. आप्पाजी रस्त्याकडे तोंड करून बसत होते; खोली बघणारा येताना दिसला की तासभर प्रेस थांबवणं त्यांना परवडत होतं, दिवसभर नाही. न कळवता जाणारा तपासनीस तिन्ही वेळा साडेअकराला गेला होता, चौथ्यांदाही साडेअकरालाच. आप्पाजींना त्यांनी एकदा नाही, चारदा कळवलं होतं. कुणीतरी फाडकन तोंडात मारावी तसं त्यांना झालं.

"बाबा, तुम्ही होता बाहेर?" प्रणिता हसली. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. "काय झालं?"

त्यांनी पाकिटातून पावती काढून तिच्या हातात दिली. ती सावकाश वाचत गेली. कलम वाचलं आणि भाषेवरून कुणाचं ते ओळखलं. शेषगिरींनी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

"लाख गेले, ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "तुमचे होते. पण बाबा, स्टुडिओ माझा आणि पावतीवर नाव तुमचं कसं?"

शरच्चंद्रांनी टेबलावरची वही मिटली.

"आप्पाजींवर विश्वास टाकलात," ती म्हणाली. "माझ्यावर नाही." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली, आणि प्रतिमाताई त्यांच्याकडे एकदा बघून तिच्या मागोमाग गेल्या.

शेषगिरी जायला उठले तेव्हा शरच्चंद्रांनी न विचारता पंधरा हजार पुढे केले. शेषगिरींनी ते घेतले नाहीत. "काम अजून कुठे झालं सर? जागा मिळाली नाही की."

तीन आठवड्यांनी सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला, रोपवाटिकेच्या मागे, एक जुनी जड भिंतींची खोली मिळाली. शेषगिरींनी किल्ली शरच्चंद्रांच्या हातात ठेवली. "ह्या वेळी तुम्ही बसा सर. कान आहेत तुम्हाला, फक्त वेळ बदला. आठ ते सहा. जेवण डब्यात, झोप नाही."

ते बसले. गुडघ्याखाली उशी घेऊन फरशीला कान लावला. दहा वीसला नळ, बाराला कुकरच्या शिट्ट्या, तीनला टँकर. सगळं लिहिलं, प्रत्येकापुढे इलाज लिहिला. दुपारी दोनला डोळे मिटायला लागले तेव्हा उठून उभं राहून लिहिलं. खोली चांगली होती. ती पास करताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भीती वाटत होती.

चार चाळीसला लांब रस्त्यावर स्कूटर बंद झाली. दारापर्यंत न आणता तिथेच लावली असावी. मग पावलं आली, हलकी, घाई नसलेली, मुद्दाम दबकी. ती दाराशी येऊन थांबली आणि दार वाजलं नाही. ही पावलं त्यांनी प्रणिता चालायला शिकली तेव्हापासून ऐकली होती. बाबा खरंच बसलेत, की पुन्हा कुठल्या मालकाकडे कॉफी पीत आहेत, ते बघायला ती न कळवता आली होती.

त्यांना दार उघडावंसं फार वाटलं. लाजही वाटली आणि रडूही आलं. पण दार उघडलं असतं तर तिची तपासणी मोडली असती, म्हणून ते जागचे हलले नाहीत. बारा मिनिटांनी पावलं परत गेली आणि स्कूटर सुरू झाली.

मग त्यांनी वही पुढे ओढली. वेळेच्या रकान्यात लिहिलं, ४.४० ते ४.५२. आवाजाच्या रकान्यात लिहिलं, प्रणिता, दाराबाहेर. इलाजाच्या रकान्यावर पेन्सिल बराच वेळ थांबली. शेवटी त्यांनी लिहिलं: कबूल केलेल्या पाचांतले उरलेले चार लाख उद्या सकाळी तिच्या खात्यात. करारावर फक्त तिची सही.