डॉक्टर शिगवणांचा न लागलेला शोध

हरेश्वर शिगवण गेले आणि काळाचौकीला एकाएकी साक्षात्कार झाला की आपल्यात एक थोर शास्त्रज्ञ राहत होता. जिवंत होते तोवर ते 'आपला डॉक्टर' होते, म्हणजे ताप आला की दार वाजवायची जागा. गेल्यावर तिसऱ्याच दिवशी चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर मंडळाचा अध्यक्ष दीपक हात जोडून उभा होता, त्याच्या मागे कार्यकर्त्यांची फौज होती आणि वरच्या कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढे कैलासवासी होते. खाली मजकूर होता: 'गिरणी कामगारांच्या खोकल्यावर औषध शोधून काढणारे थोर संशोधक डॉ. हरेश्वर धोंडू शिगवण यांना भावपूर्ण श्रद्धांजली'.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, रुपालीने, दादरहून माहेरी येताना टॅक्सीतूनच तो फ्लेक्स वाचला आणि टॅक्सी थांबवून पुन्हा वाचला. कारण बाबांनी कुठलंही औषध शोधलं नव्हतं. आयुष्याची उमेदीची वर्षं खर्ची घालून त्यांनी सिद्ध केलं होतं ते एवढंच, की ज्या गोळीचा गाजावाजा चालला होता ती चालत नाही. इस्पितळात शेवटच्या दिवसांत त्यांनी रुपालीचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती.

"माझ्या नावावर औषध खपवू देऊ नकोस कुणाला."

रुपाली 'हो' म्हणाली होती. दुसरे बाप अशा वेळी आईला सांभाळ म्हणतात. पण कालिंदीबाई स्वतःला, नवऱ्याला आणि वेळ पडली तर अख्ख्या मजल्याला सांभाळायला खमक्या होत्या. डॉक्टरांना काळजी होती ती चाळीची. चाळ खोटं बोलत नाही, पण कौतुकाच्या भरात तिचा तोल जातो, हे ते जाणून होते.

डॉक्टर म्हणजे तरी कसले? हरेश्वर शिगवणांची डॉक्टरकी पीएचडीची. परळच्या एका संशोधन संस्थेत त्यांनी नोकरी केली आणि उभ्या आयुष्यात कुणाच्या दंडात सुई टोचली नाही. चाळीला हे पुष्कळदा समजावून झालं होतं. चाळीचं मत असं, की पीएचडी ही एमबीबीएसच्या वरची, तेव्हा खालचं सगळं येत असणारच. लोक दारात यायचे, हे म्हणायचे, "पाणी पी, झोप काढ, तीन दिवसांत नाही उतरला तर दवाखान्यात जा." बहुतेकांचा ताप आपसूक उतरायचा आणि लोक म्हणायचे, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. न दिलेल्या औषधाला एवढं यश दुसऱ्या कुणाला क्वचितच मिळालं असेल.

घरात मात्र हा माणूस भलताच बाईलवेडा आणि लेकीचा लाडका. संध्याकाळी घरी आला की शर्ट काढून बांगडे साफ करायला बसायचा. रुपालीच्या ताटातल्या माशाचे काटे ती कॉलेजला जाईपर्यंत काढून देत होता. मे महिन्यात लालबागला मसाला कुटायला कालिंदीबाईंबरोबर जायचा आणि खोकल्यावर संशोधन करणारा हा गृहस्थ तिथे मिरचीच्या खकाण्यात शिंका देऊन देऊन अर्धमेला व्हायचा. बायकोने "आज आमटी कशी झालीय?" विचारलं, तर "कशाच्या तुलनेत?" म्हणायचा. परदेशातल्या एका परिषदेचं बोलावणं आलं ते नेमकं रुपालीच्या दहावीच्या परीक्षेत. "मी कुठे काय शोधलंय? काही चालत नाही हे सांगायला विमान कशाला, पत्र चालेल," असं म्हणून त्याने पत्र पाठवलं आणि लेकीचा भूगोल घेत बसला.

ते काही न चालणारं प्रकरण असं. हरेश्वरचे वडील धोंडू गिरणीत कार्डिंग खात्यात होते. पिंजलेल्या कापसाची धूळ नाकातोंडातून छातीत जायची आणि पन्नाशीच्या आत माणूस भात्यासारखा वाजायला लागायचा. धोंडू तसेच वाजत वाजत गेले. हरेश्वर तेव्हा शाळेत होता. पुढे गिरण्या बंद पडल्या, चिमण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, पण खोकला चाळीतच राहिला. अशात एका कंपनीने या खोकल्यावर गोळी काढली. ती खरंच चालते का, हे बघायचं काम हरेश्वरकडे आलं. त्या रात्री त्याला आनंदाने जेवण गेलं नाही, असं कालिंदीबाई सांगतात.

अशा परीक्षेत निम्म्या लोकांना खरी गोळी देतात आणि निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी. कुणाची कुठली, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही. हरेश्वरने सुरुवात मायेपोटी आपल्याच चाळीपासून केली. शास्त्रज्ञाने माया करू नये ती यासाठी. प्रत्येक म्हाताऱ्याला त्याच्या नंबराची बाटली मिळाली, आणि पहिल्या महिन्यातच कुशाबा घाग टणाटण जिने चढायला लागला. हा कुशाबा धोंडूंच्याच खात्यातला, मंडळाचा जुना खांब. त्याची बायको रखमा मन मोठं असलेली बाई. शेजारणीच्या नवऱ्याला गुण येईना, तेव्हा तिने कुशाबाच्या बाटलीतल्या मूठभर गोळ्या वाटीत घालून पाठवल्या. आता आलेली वाटी रिकामी कशी परत करायची? शेजारणीने आपल्या नवऱ्याच्या गोळ्या घालून परत केली. बघता बघता सगळ्या मजल्यांवर गोळ्यांच्या वाट्या फिरू लागल्या. एका रविवारी हरेश्वर तपासणीला गेला, तर वाटी त्याच्यासमोरूनच गेली. वर झाकण म्हणून बशी.

तो पायरीवर बसला आणि कपाळाला हात लावून हसत सुटला. मग संस्थेत जाऊन त्याने काळाचौकीचा सगळा अभ्यास रद्द केला. वरळीच्या चाळींतली माणसं घेतली, त्यांना रोज संस्थेत बोलावून डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावली आणि काही वर्षांनी उत्तर आलं. खरी गोळी आणि कोरी गोळी, दोन्ही सारख्याच. सरकारी दवाखान्यांनी ती महागडी गोळी घेणं थांबवलं. कोणाचाही खोकला बरा झाला नाही, फक्त गरिबांची फसवणूक टळली. त्याला कोण हार घालतो?

हरेश्वरने चाळीला जमवून हे सगळं सांगितलं. म्हणाला, "औषध सापडलं नाही. मला माफ करा." चाळीने ऐकून घेतलं आणि घरी जाताना एकमेकांना म्हणाली, मोठी माणसं अशीच बोलतात.

तर आता दीपक रुपालीसमोर बसला होता. मंडळाने ठरवलं होतं की नाक्याला डॉक्टरांचं नाव द्यायचं. परवानगीचं मागाहून बघू, बोर्ड आधी.

"दीपक, नाव दे. पण खाली औषधबिषध लिहू नको," रुपाली म्हणाली. "बाबांनी शोधलं नाही ते."

"ताई, मग काय लिहू? 'औषध चालत नाही' असं? पब्लिक हसेल ना!"

"हसू दे. खरं तेच आहे."

"आणि कुशाबाकाकांचं काय? ते तर चालताबोलता पुरावा आहेत. बोर्डचा खर्च पण तेच उचलतायत."

कालिंदीबाई आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी एवढंच म्हटलं, "तुझे बाबा जन्मभर नको नको म्हणत आले. कुणी ऐकलं?"

पण रुपाली बापाची मुलगी होती. शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. तिथे ती उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. वाट्यांची गोष्ट सांगितली, काळाचौकीचा अभ्यास केराच्या टोपलीत गेला तेही सांगितलं. "माझ्या बाबांनी औषध शोधलं नाही," ती म्हणाली. "ते नाही, असं सांगायची हिंमत त्यांनी दाखवली. त्यांची आठवण ठेवायची तर ही ठेवा." तिला रडू फुटलं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी सद्गदित होऊन म्हणालं, "बघा, बापासारखीच! एवढं करून पण गर्व नाही."

रुपालीला इतका संताप आला की तिने रडणं थांबवलं. आता एकच मार्ग उरला होता. कुशाबाला गाठायचं आणि तोंडावर सांगायचं. मनातून ती भ्यायली होती. ऐंशीच्या घरातला माणूस, श्वास त्या विश्वासावर चाललेला. आपण तो विश्वास काढून घेतला आणि म्हातारा उद्या आडवा झाला तर? पण बाबांना दिलेला शब्द होता. दुसऱ्या दिवशी ती कुशाबाच्या खोलीत गेली. रखमाकाकूने तिला खुर्ची दिली, कुशाबा पलंगावर बसला.

"काका, रागावू नका. मी बाबांची वही बघितली. तुमच्या बाटलीत जी गोळी होती ना, ती कोरी होती. काहीच नव्हतं तिच्यात."

"ठाव हाय," कुशाबा म्हणाला.

"कधीपासून?"

"तुझ्या बापानंच सांगितलं ना. अभ्यास संपला तेव्हा. मी म्हटलं, असूं दे, मला तीच आणून दे. आधी भांडला माझ्याशी. मग दादरच्या होमिओपॅथीच्या दुकानातनं कोऱ्या गोळ्या आणायला लागला. दर महिन्याला यायचा, बसायचा, आणि उठताना परत सांगायचा, 'कुशाबा, यात काय नाय हां.' मी म्हणायचो, बरं."

बाबा दर महिन्याला एक पिशवी घेऊन इकडे येत, ते रुपालीला माहीत होतं. तिला वाटायचं, भाजी.

"मग सगळं माहीत असून तुम्ही बोर्डवर खोटं लिहायला सांगता?"

कुशाबाला आता खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत दोघी थांबल्या.

"पोरी, त्या नाक्यावर बाकडा हाय. संध्याकाळी तिथे कोण बसतं? आमच्या खात्यातली उरलीसुरली माणसं. खोकत असतात. वरती काय लिहू, 'यांच्या खोकल्यावर औषध नाय'? ते वाचत बसायचं त्यांनी रोज? तुझ्या बापाचं खरं हाय. पण तो बोर्डाखाली बसणार नाय, आम्ही बसणार."

"आणि खाली 'सौजन्य: कुशाबा घाग' पण येणार ना?" रखमाकाकूने मध्येच टोमणा मारला.

"येणार तर," कुशाबा म्हणाला. "पैसे माझे हायत."

दादरला परतताना रुपालीने फार विचार केला आणि शेवटी दीपकला फोन करून सांगितलं, लिही काय लिहायचं ते. तिने शब्द मोडला, हे स्पष्टच म्हटलेलं बरं. बाबा असते तर त्यांना वाईट वाटलं असतं. तिलाही फार वाईट वाटलं.

बोर्डाचं उद्घाटन थाटात झालं. ढोलताशे आले, दीपकने भाषण केलं, त्यात बाबांचं नाव दोनदा चुकलं. कालिंदीबाईंनी दोरी ओढली. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आणि त्यातला तो खोटा शब्द, औषध, सगळ्यांत ठळक. फोटो निघाले, पेढे वाटले गेले आणि गर्दी पांगली. आई बायकांच्या घोळक्यात होती म्हणून रुपाली तिची वाट बघत बाकड्याशी उभी राहिली.

बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. या चाळीतला नव्हता, घोडपदेवहून आला असावा. चष्मा पुसून त्याने पाटी पुन्हा एकदा नीट वाचली. छाती धरून खोकला, पुरता लाल झाला, आणि मग तिच्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही डॉक्टरांची मुलगी ना? हे औषध कुठं मिळतं?"

रुपालीने कुशाबाकडे बघितलं. तो पेढ्याचा बॉक्स उघडण्यात गढला होता. दीपक फोटो फेसबुकवर टाकत होता. म्हातारा तिच्याकडे बघत थांबला होता. घाई नव्हती त्याला, एवढी वर्षं खोकत आला होता तो. त्याच्या डोळ्यांत जी आशा होती तिची तिला लाज वाटली, आणि बाबांची फार आठवण आली.

ती त्याच्याशेजारी बाकड्यावर बसली.

"रविवारी घरी या, काका. मी आणून ठेवते," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, त्यात काही नाही. खरंच काही नाही."

म्हातारा समजूतदारपणे हसला.

"बरं," तो म्हणाला. "किती वाजता येऊ?"