वरून निर्णय झालाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, चळवळीतल्या मित्रांना तर नाहीच. त्यांच्यात माझा दरारा आहे — सत्तेला जाब विचारणारी पत्रकं मी लिहितो ना!

कसबा बावड्यातलं आमचं घर पत्रकांवरच वाढलं. बाबा लिहायचे आणि त्यांच्या चळवळीतली शेवंताअक्का चंदगडहून एसटीनं येऊन ती सभेत वाचायची. माइक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं. पुढं तिची नजर गेली.

तेव्हा मी एक सॉफ्टवेअर लायब्ररी लिहिली होती — मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा कोड, कुणीही फुकट वापरावा असा. अक्काच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो मीच बसवला. मग ती रोज बातम्या ऐकायची, बाबांची पत्रकं ऐकायची. त्या आवाजालाच दटावायची, "अरं, जोर लाव की! उपाशी हायस काय?"

हा कोड पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला. पायथनच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या. जुन्यांनाही सांभाळायचं, तर प्रत्येक बदल पुन्हा पुन्हा तपासावा लागायचा. मला कंटाळा आला — दुसरं काही कारण नव्हतं. अक्काच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढणार नाही, हे मला माहीत होतं.

मग काय केलं मी? लायब्ररीच्या इंटरनेटवरच्या पानावर सूचना टाकली — यापुढं जुन्या पायथनवर ही चालणार नाही, हरकत असल्यास कळवा. सूचना इंग्रजीत. मराठी ऐकणाऱ्यांसाठीची लायब्ररी, आणि विचारणा इंग्रजीत! हरकत येणार कुठून? दवंडी न देता ग्रामसभा उरकणाऱ्यांवर मी कधीकाळी पत्रक काढलं होतं. माझं याहून वेगळं काय होतं? मी जुन्या पायथनला सांभाळणं बंद केलं. तक्रारी नकोत म्हणून त्यावर चालणारा जुना कोडही पानावरून उतरवला.

पुढं अक्काचा कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीवाल्यानं सगळं पुसून नव्यानं बसवलं, पण तो आवाज त्याला कुठंच मिळेना. अक्काचा फोन आला.

"अरं, ह्यो मुका झालाय की. तूच बसीवलंतास न्हवं?"

जुना कोड माझ्याजवळ होता. परत चढवणं अवघड नव्हतं. पण मग काढला कुणी, हेही सांगावं लागलं असतं —

"अक्का, वरून निर्णय झालाय. माझ्या हातात काही नाही."

"वर कोण हाय रं?"

"मोठ्या कंपन्या."

"मग काढ की त्यांच्यावर पत्रक! माजं नाव पयलं घाल."

आणि मी ते काढलं.

होय, काढलं. गरिबांच्या जुन्या यंत्रांचा गळा घोटणाऱ्यांवर. शब्द धारदार होते — का नसतील? गुन्हेगाराला मी आतून ओळखत होतो. मित्रांनी पाठ थोपटली. सह्यांत पहिलं नाव शेवंताअक्काचं. तिच्या शेजारणीनं ते तिला वाचून दाखवलं, तेव्हा अक्का फोनवर म्हणाली, "झ्याक लिवलंयस. बापावर गेलायस."

कोड अजून माझ्याकडंच आहे. तिच्या खोलीतला कॉम्प्युटर कापडाखाली झाकलेला आहे. दर फोनला ती विचारते, "वरनं काय उत्तर आलं का रं?"

मी म्हणतो, "अजून नाही, अक्का."