जर, तर आणि हिरवा स्वेटर

एडिनबरात आमच्या खालच्या मजल्यावर एक प्राध्यापक राहायचे. विद्यापीठात मध्ययुगीन अरबी तर्कशास्त्र शिकवायचे आणि त्यातही त्यांचा जीव जर-तरच्या वाक्यांत. जिन्यात भेटल्यावर मी सहज म्हणावं, "ऊन पडलं तर चालत जाईन," की ते पिशवी पायरीवर ठेवून सुरू व्हायचे.

"सूर्य उगवला असेल तर दिवस आहे. हे नातं. माणूस बोलत असेल तर गाढव ओरडतं. इथे दोन्ही खरं, पण नुसता योगायोग. त्या जुन्या लोकांनी हे दोन 'जर' वेगळे काढले, डॉक्टर!"

सकाळच्या घाईत मला वैताग यायचा.

त्या हिवाळ्यात त्यांची बायको न्यूमोनियाने बेशुद्ध होऊन आमच्याच वॉर्डात आली. ते रोज तिच्या उशाशी बसलेले असायचे, अंगात कोपरावर फाटलेला हिरवा स्वेटर. शेवटी मी विचारलं, "सर, घरून दुसरा आणून देऊ का?"

ते ओशाळले. "हा घातला होता त्या दिवशी तिने पहिल्यांदा डोळे उघडले." मग हळूच म्हणाले, "योगायोग आहे, मला कळतं. पण काढून बघायचा धीर होत नाही."

ती बरी झाली ती औषधांनी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी डिस्चार्जच्या दिवशी तिला टॅक्सीत बसवेपर्यंत त्यांनी तो स्वेटर अंगावरून उतरवला नाही, आणि मलाही त्यांनी तो उतरवावा असं वाटलं नाही.