अण्णांच्या लेथची समसमान वाटणी

वडिलांच्या लेथची आम्ही तिघा भावंडांनी समसमान वाटणी केली. म्हणजे लेथ विकून पैसे वाटून घेतले असं नव्हे. लेथच वाटून घेतलं!

अण्णांचा देवळाली कॅम्पात लाकूड कातायचा छोटा कारखाना होता. पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, पाळण्याचे खांब, सगळं त्या एका लेथवर गोल व्हायचं. अण्णा गेले आणि लेथ कुणी घ्यायचं यावर आमचा इतका गोड संवाद झाला, की शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. शेवटी मामांनी निवाडा दिला, "तीन भावंडं, तीन भाग. पाने आणा आणि खोला!" पहिली निवड माझी. जड तो मोठा वाटा, असा विचार करून मी लोखंडी पाया उचलला (म्हणजे हमालांनी उचलला) आणि इंदिरानगरातल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरात नेला. मंगलताईला लाकूड धरून फिरवणारं डोकं मिळालं. धाकटा विलास लेथची मोटार घेऊन घोटीला गेला. आपणच फसलो असं प्रत्येकाला वाटलं, त्यामुळे वाटणी खरोखरच समसमान झाली. त्यानंतर आम्ही दिवाळीला एकमेकांना फोन करायचो, पण लेथचा विषय निघाला की नेमकी रेंज जायची.

गेल्या वर्षी विलासची मुलगी ऋचा पहिल्या बाळंतपणासाठी घोटीला माहेरी आली. तिचा मला फोन आला.

"काका, आजोबा मला म्हणायचे ना, तुझ्या बाळाचा पाळणा मीच करणार?"

"म्हणायचे गं."

"आजोबा नाहीत, पण त्यांचं मशीन आहे ना? मला बारशाला त्याच मशीनवरचा पाळणा हवाय. बाजारातला नको."

मला भुशाने माखलेले अण्णा आठवले. अशा वेळी माणसाने कुणाला शब्द देऊ नये. मी दिला!

आता सुरुवात स्वतःच्या घरापासून. लोखंडी पायावर माझ्या बायकोच्या, सुनीताच्या कुंड्या होत्या. त्या उतरवताना तिने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. खरी अडचण वेगळीच होती. आमच्या गॅलरीत एका बाजूला पायरी आहे. कुंड्या तिरक्या व्हायला नकोत म्हणून मी पूर्वीच त्या लोखंडी पायाचे पायरीकडचे दोन खूर चार चार बोटं कापून घेतले होते. (ही गोष्ट मी भावंडांना सांगितली नव्हती. विचारलंच नव्हतं कुणी!)

मग देवळालीला ताईकडे गेलो. आमचे दाजी तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी लेथच्या डोक्याला हिरवा रंग देऊन ते फाटकाशेजारी चौथऱ्यावर बसवलं होतं.

"दाजी, लेथचं डोकं न्यायला आलोय."

"हळू बोला!" दाजींनी फाटकाबाहेर नजर टाकली. "गल्लीत सगळ्यांना माहितेय, ही तोफ आहे."

"तोफ?"

"तोफेचा भाग. मी सीमेवरून आणलेला. अहो, पंधरा ऑगस्टला पोरं हार घालतात त्याला! आता काय सांगू, यावर लाटणी व्हायची?"

आतून ताई ओरडली, "सांगा, तोफ रिपेरीला गेली म्हणून! सुऱ्या, तू ने रे!"

तोफ कांबळ्यात गुंडाळून टेम्पोत चढली. गल्ली गोळा झाली. एका आजोबांनी कडक सलाम ठोकला. मला काय करावं सुचेना, म्हणून मीही ठोकला.

विलासचा घोटीत तांदळाचा व्यापार. त्याने अण्णांची मोटार तांदूळ साफ करायच्या पंख्याला जोडली होती.

"दादा, लय सोपं हाय तुझं. मोटार दिल्यावर मी तांदूळ काय तोंडानं फुंकू?"

"तुझ्याच नातवंडाचा पाळणा आहे विलास."

त्याने पंखा बंद केला. मग म्हणाला, "देतो. पण तुझ्याकडचा पाया धड हाय ना?"

"एकदम धड!" मी म्हणालो.

पुढचे कित्येक दिवस मी आमच्या पार्किंगमध्ये रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन गंज घासत होतो. गंज कमी झाला आणि माझे गुडघे वाजायला लागले. तेवढ्यात ऋचाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं, आणि पाळण्याच्या नावाने आमच्याकडे नुसते सागवानाचे ठोकळे! ताई, दाजी आणि विलास धावत आले. आम्ही लेथ जोडलं, नारळ फोडला आणि मी बटण दाबलं.

मोटार फिरली. लाकूड फिरलं. आणि अख्खं लेथ थडथडत पार्किंगमधून चालायला लागलं! समोर सोसायटीच्या सेक्रेटरींची नवी कोरी गाडी.

"अरे सुऱ्या, हे कुठं निघालं?" ताई किंचाळली.

"दादा, ह्याचे खूर कुणी कापले?"

"नंतर सांगतो, आधी धर!"

बटण बंद करावं, हे तिथे जमलेल्या एकाही सुशिक्षित माणसाला सुचलं नाही. दाजी गरजले, "वजन टाका! सगळे वर बसा!" हुकूम ऐकताच आम्ही तिघंही पायाच्या मोकळ्या टोकावर जाऊन बसलो. लेथ गाडीपासून हातभर अंतरावर थांबलं, पण आम्ही वर गदगदा हलत होतो. आधी ताईला हसू फुटलं, मग विलासला. वाटणीनंतर आम्ही तिघं इतके चिकटून पहिल्यांदाच बसलो होतो. तेवढ्यात सेक्रेटरी खाली आले.

"हे काय चाललंय?"

"काही नाही, घरगुती कार्यक्रम आहे," सुनीता म्हणाली आणि तिने बटण बंद केलं.

"अण्णांनी हे बघितलं असतं तर?" ताई डोळे पुसत म्हणाली.

"तर दादाला पटाशी फेकून मारली असती," विलास म्हणाला. मला खूप बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्याने माझी अशी चेष्टा केली नव्हती.

खुरांखाली लाकडाच्या चकत्या ठोकल्या आणि काम सुरू झालं. पहिला मान मोठा मुलगा म्हणून माझा. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी तयारही होतो. एका बाजूला लाकूड जास्त गेलं म्हणून दुसऱ्या बाजूचं काढलं, मग पुन्हा पहिल्या बाजूचं. शेवटी सुनीताने ते हातात घेऊन निरखलं आणि म्हणाली, "लाटणं छान झालंय!" मग ठरलं, चार खांब चौघांनी करायचे. विलासचा खांब तांदळाच्या पोत्यासारखा ऐसपैस झाला. ताईने खांबावर इतकी कडी काढली की मधलं लाकूड शोधावं लागलं. दाजींचा खांब टोकदार निघाला, तो तोफगोळाच असल्याचं त्यांनी अभिमानाने सांगितलं. माझा खांब (दुसऱ्या खेपेचा) सगळ्यांत सडपातळ. विलासने चारही खांबांना आतून लोखंडी बोल्ट मारले, त्यामुळे पाळणा भक्कम झाला. फक्त हलवला की माझ्या खांबातून "कुईं कर्र" असा आवाज यायचा.

बारशाला घोटीचं घर माणसांनी भरलं होतं. बाळ एवढ्या गर्दीला घाबरून जोरात रडत होतं. ऋचाने त्याला पाळण्यात ठेवलं, चारही खांबांवरून हात फिरवला आणि रडायलाच लागली. ताई रडली, विलासने नाक ओढलं, मीही उपरणं डोळ्यांना लावलं. तेवढ्यात कुणीतरी दोरी ओढली. कुईं कर्र! माझी मान खाली. पण बाळ गप्प झालं आणि बघता बघता झोपलं.

पुढच्या आठवड्यात ऋचाचा फोन आला. आवाज रडवेला.

"काका, आतोबांनी येऊन तुमच्या खांबात तेल सोडलं. आवाज बंद झालाय, आणि हिने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. बाबा, आत्या, आतोबा, सगळ्यांनी बघितलं. कुणालाच परत तसं करता येत नाही."

मी लगेच पिशवी भरली. चांगलं चाललेलं काम नेमकं बिघडवायचं, तर त्याला हातात कसब लागतं. आणि आमच्या घराण्यात ते फक्त माझ्याकडे आहे!