सोनीच्या जखमा

मी नागापूर एमआयडीसीत लेथवर काम करतो. मापात बसत नाही ते मानायचं नाही, ही धंद्याचीच सवय. भूतबाधा, उतारा असलं आमच्या घरात कधीच नव्हतं. तरीही लिहितोय... कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

धाकटी बहीण सुजाता लग्न होऊन नेवाशाजवळच्या एका गावात गेली. सासरी मांजर चालणार नव्हती, म्हणून तिची सोनी माझ्याकडं अन् आईकडं राहिली. दुसरा मजला, गॅलरीला जाळी. सोनी बाहेर जातच नाही.

एका सकाळी तिच्या पाठीवर लांब, सरळ जखम दिसली – पट्टा ओढल्यासारखी. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "हळद भरू नका, माणसांचं औषध तर अजिबात नको. कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा आणि घेऊन या." आईनं तिला टॉवेलात गुंडाळून धरलं, मी जखम धुतली.

"कशात तरी अडकली असंल," आई म्हणाली.

काही दिवसांनी मागच्या पायाला चटका. कातडी सोलवटलेली. गार पाणी ओतताना ती माझ्या हाताला कडकडून चावली.

मग तो रविवार. दुपारी सोनी आईच्या मांडीवर झोपली होती, मी समोरच जेवत होतो. अचानक ती किंचाळून उसळली... कानातून रक्त! कुणी हातही लावला नव्हता. मी कापूस दाबून धरला, तेवढ्यात फोन वाजला. सुजाता.

"दादा, मला घेऊन जा. आत्ता यांनी कानावर तांब्या मारला."

"रक्त येतंय का?"

"न्हाई ना! दुखतं सगळं, पन खूणच उठत न्हाई. परवा उलथनं तापवून पाय डागला, फोडसुद्धा न्हाई आला. खूण दिसत न्हाई म्हनून आनखी जोरात मारतात..."

फोन स्पीकरवर होता. मागं सुजाता माहेरी आली होती तेव्हा आईनं तिची पाठ बघितली होती. कातडी स्वच्छ. "नांदायचं न्हाई म्हनून खोटं बोलती," असं म्हणत आईनंच तिला परत धाडलं होतं. आता आई मांडीवरच्या रक्ताकडं नुसती बघत राहिली.

मी मोटारसायकल काढली. तिच्या दारात दाजी हसत उभे. "मी मारलं म्हनती ना? दाखव की मग, कुठं लागलंय!" असं म्हणत माझ्यासमोर त्यांनी तिचं मनगट पिरगाळलं. कट्‌ असा आवाज झाला. सुजाता ओरडली... हात मात्र धड. मी त्यांना ढकललं, तिला गाडीवर बसवलं अन् निघालो.

घरी आलो तर सोनी खोक्यात पडलेली, पुढचा पाय लोंबत होता. "नुसती बसली हुती रे," आई रडत म्हणाली, "बसल्या जागी मोडला."

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. ड्रेसिंग सुजाताच करायची. ती घरी आल्यापासून सोनीला नवीन जखम झालेली नाही.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, पडली असेल.

आम्ही केस केली. वैद्यकीय तपासणीत सुजाताच्या अंगावर एक ओरखडाही निघाला नाही. दाजी निर्दोष सुटले. गेल्या महिन्यात त्यांचं दुसरं लग्न झालं.