डिसेंट बाई

रस्त्यात मांडी घालून बसलेल्या तिला पोलिसांनी उचललं, तेवढ्यात माझ्या हातातल्या तिच्या पर्समधला फोन वाजला. मीच घेतला. तिचा नवरा होता. इराकमध्ये तिच्या मुलाच्या गाडीखाली स्फोट झाला होता. जगला की गेला, कळत नव्हतं. आणि ही अंग सैल सोडून, दोन पोलिसांच्या हातांवरून मला हसून सांगत होती, “डिसेंट, हनी! माय ड्यूटी!”

हे ‘डिसेंट’ तिचं नेहमीचंच. ती अमेरिकन, नवरा इंग्लिश, मुलगा अमेरिकेच्या सैन्यात. कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेच्या किचनमध्ये आम्ही दोघी बटाटे सोलायचो. मी चौथी शिकलेली. डिसेंट म्हणजे सभ्य, एवढं ठाऊक. दर शनिवारी ती लढाईविरुद्ध पाटी धरून बाजारात उभी राही. ओरडणं नाही, शिव्या नाहीत. कुणी थुंकलं तर रुमालानं पुसायची. म्हटलं, खरीच सभ्य बाई. वर्षभर मी सगळ्यांना तेच सांगत फिरले.

शेवटी सून हसली. “अहो आई, तो डिसेंट वेगळा. हा म्हणजे विरोध. सरकारला सांगायचं, आय डोन्ट अ‍ॅग्री.”

दुसऱ्या दिवशी मी तिला धरलं. “पोरगा तिकडे बंदूक घेऊन, तू इकडे पाटी घेऊन. तू कुणाच्या बाजूची गं?”

“त्याच्याच,” ती म्हणाली. “सरकार चुकलं तर तसं बोलायचा हक्क आमच्या घटनेनंच दिलाय. मी गप्प बसले, तर तो राखतोय तरी काय?”

“मग तो तुझ्याशी बोलत का नाही?”

ती सोलत राहिली. सालाबरोबर निम्मा बटाटा गेला.

तुम्हाला लागतो का याचा अर्थ? मला अजून नीट लागलेला नाही.

त्या शनिवारी ती पाटी घेऊन थेट रस्त्यातच बसली, म्हणून उचलली. फोन ऐकून मी पोलिसांच्या गाडीमागं धावले, काचेवर थापा मारल्या. “हर सन! बॉम्ब!” एवढंच इंग्रजी सुचलं. दार उघडलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओरडली. इतक्या शनिवारांत जी कधी ओरडली नव्हती, ती. पोलिसांनी मग तिला ठाण्यावर नेलं नाही, घरी सोडलं.

आठवड्यानं ती अमेरिकेतल्या इस्पितळात मुलापाशी गेली, ती परत आलीच नाही. किचनमध्ये तिच्या जागी दुसरी आली.

त्या गाडीत चौघं होते. तिचा तेवढा जगला.